बंदुकीच्या दारूचं माप मोबाईलवर सापडतं. पण त्या मापाला धनी कोण?

काडतुसात दारू किती भरायची? हा प्रश्न मोबाईलवर टाकला की क्षणात आकडा येतो. कुणी व्हिडिओत तराजूवर मोजून दाखवतो, कुणी तक्ता टाकतो, आणि आता तर एआयवालं अ‍ॅपही विचारलं की लगेच उत्तर देतं. आकडा मिळणं अजिबात अवघड राहिलेलं नाही. तो आकडा कुणी मोजला, कशावर मोजला आणि चुकला तर जबाबदार कोण, हे मात्र त्यासोबत येत नाही.

हा विषय मुळात अमेरिकेतला. तिथे वापरलेल्या रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू भरून काडतूस तयार करणं हा लाखो लोकांचा घरगुती छंद आहे. आपल्याकडे कायदा वेगळा, बंदुका वेगळ्या. पण मोबाईल एकच आहे. तिथला व्हिडिओ इथल्या वाडीवर त्याच दिवशी दिसतो. ज्या तालुक्यांत शेतीसंरक्षणाच्या बंदुका घराघरांत आहेत, रानडुक्कर आणि वानरांनी शेतकरी जेरीला आलाय, तिथे हा आकडा कुणाच्या तरी हातात पडणारच. म्हणून तिथे नेमकं काय चाललंय आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, हे समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत टंचाई, आणि तिचा धागा सरकीपर्यंत

एका काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की दारू, टोपी आणि गोळी संपते. पुंगळी मात्र शिल्लक राहते आणि चारही भागांत बऱ्याचदा तीच महाग असते. ती साफ करून पुन्हा भरली की खर्च वाचतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो.

२०२० च्या कोरोना साथीत तिथे बंदुकांची आणि काडतुसांची खरेदी प्रचंड वाढली. प्राइमर आणि दारू दुकानातून गायब झाली. ती घडी पुरती बसते न बसते तोच युक्रेनचं युद्ध लांबलं आणि तोफगोळ्यांसाठी दारूची मागणी जगभर वाढली. २०२३ च्या अखेरीला अमेरिकेतल्या विस्टा आउटडोअर या मोठ्या कंपनीने दारूच्या जागतिक टंचाईचं कारण देऊन भाव वाढवत असल्याचं विक्रेत्यांना कळवलं.

या टंचाईचा एक धागा कापूस पिकवणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. आजची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि त्याचा एक मुख्य कच्चा माल म्हणजे लिंटर. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहतो तो आखूड, बारीक कापूस. तोफेची दारू आणि छंदवाल्याची दारू शेवटी एकाच मालावर येऊन टेकते.

आता नेहमीची दारू मिळेना म्हटल्यावर माणूस काय करतो? दुकानात जी मिळेल ती घेतो. त्या दारूची सवय नसते. मग तिचं माप शोधायला लागतो. टंचाईच्या काळात खात्रीच्या मापाचा प्रश्न ऐरणीवर येतो तो असा.

ग्रेनचा हिशोब: चूक किती लहान, दाब किती मोठा

बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात. हे माप आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. इंग्रजांच्या काळात ठरलेला एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. सोनाराच्या काट्यावरच्या गुंजेपेक्षाही ग्रेन लहान, साधारण अर्धी गुंज. पिस्तुलाच्या छोट्या काडतुसात असे मोजकेच ग्रेन जातात. म्हणजे एका ग्रेनची चूक हातावर दिसणारही नाही, पण एकूण मापात तिचा वाटा फार मोठा असतो.

आता दाब बघा. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२-३५ पौंड हवा मारतो. अमेरिकेत ९ एमएम काडतुसासाठी ठरलेली दाबाची कमाल सरासरी मर्यादा आहे ३५,००० पौंड, तीही दर चौरस इंचाला. टायरच्या हजारपट. आणि हा दाब माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर तयार होतो. जुन्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा मात्र १७,००० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन्ही हातात धरायचीच शस्त्रं, दिसायला गोळीही जवळपास सारख्याच जाडीची. तरी एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही.

दारू दुप्पट टाकली तर दाब दुप्पटच होईल, असाही हिशोब नाही. दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब पुन्हा वाढतो. पाणी अंगावर येतं तसं हे एकदम येतं. काही जलद दारू इतकी थोडी लागते की एकाच पुंगळीत चुकून दोनदा टाकली तरी ती बाहेर सांडत नाही. भरणाऱ्याला कळतही नाही. कळतं ते चाप ओढल्यावर.

खात्रीचं माप येतं कुठून

अमेरिकेत छापील मापं प्रसिद्ध करणारे ठरलेले आहेत. हॉजडनसारखे दारू विकणारे, हॉर्नेडी, सिएरा, स्पीअर यांच्यासारखे गोळी बनवणारे आणि लायमनसारखे भरण्याची अवजारं बनवणारे. त्यांच्याकडे खास चाचणीची नळी असते. तिच्यात दाब मोजणारं विद्युत उपकरण बसवलेलं असतं. पूर्वी हेच काम तांब्याच्या छोट्या तुकड्यावर व्हायचं. बार उडाल्यावर तो किती चेपला यावरून दाबाचा अंदाज काढत. दाबाच्या मर्यादा ठरवायला सामी नावाची उत्पादकांची संस्था १९२६ पासून काम करते.

अशा पुस्तकातलं माप म्हणजे नुसता आकडा नसतो. कोणतं काडतूस, कोणत्या कंपनीची किती वजनाची गोळी, कोणत्या कंपनीची कोणती दारू, कोणता प्राइमर, तयार काडतुसाची लांबी किती, चाचणीची नळी किती लांब, एवढं सगळं त्यासोबत लिहिलेलं असतं. सुरुवातीचं माप वेगळं आणि कमाल माप वेगळं असतं. यातली एक गोष्ट बदलली की ते माप त्या काडतुसाचं राहत नाही. गोळी थोडी जास्त आत बसली तरी आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. ९ एमएमसारख्या लहान काडतुसात तर हे फार लवकर होतं.

दोन नामांकित पुस्तकांत एकाच दारूची दोन वेगळी कमाल मापं सापडतात, तेव्हा नवखा गोंधळतो. त्याला वाटतं, एक पुस्तक खोटं. तसं नसतं. एकाने वेगळी गोळी वापरली, दुसऱ्याने वेगळी नळी. दोघंही आपापल्या चाचणीचं खरं सांगत असतात. म्हणून तिथले जाणते लोक किमान दोन छापील मापं ताडून बघतात, सुरुवात खालच्या मापापासून करतात आणि जुन्या पुस्तकापेक्षा नवं पुस्तक प्रमाण मानतात, कारण दारू आणि मोजायची पद्धत दोन्ही काळासोबत बदलतात.

शेतकऱ्याला हे पटकन समजेल. क्लोरपायरीफॉस २० टक्के येतं आणि ५० टक्केही येतं. नाव एकच. शेजाऱ्याने "पंपाला अमुक मिली टाक" सांगितलं आणि आपल्या हातात दुसरी बाटली असली, तर सल्ला खरा असूनही पीक जळेल. बाटलीवरचं लेबल वाचायचं असतं ते याचसाठी. लेबलवर कंपनीचं नाव असतं, बॅच असते. चुकलं तर विचारायला जागा असते.

मोबाईलवरचं माप कुठे फसतं

पहिली फसगत भाषेची. 'ग्रेन' आणि 'ग्रॅम' यांत लिहिताना एवढासा फरक, पण एक ग्रॅम म्हणजे १५ ग्रेनहून जास्त. इंग्रजी मजकूर मोबाईल आपोआप मराठीत करतो तेव्हा ग्रेनचा ग्रॅम व्हायला वेळ लागत नाही. शिवाय इंग्रजी ग्रेन म्हणजे धान्याचा दाणाही. दशांश चिन्ह फॉरवर्ड होताना गळालं तर माप थेट दहापट.

दुसरी फसगत नावाची. अमेरिकेत ४८३१ या एकाच आकड्याची दारू दोन नावांनी विकली जाते. एक आयएमआर, दुसरी हॉजडनची. ती रायफलची दारू आहे, पण उदाहरण बोलकं आहे. आकडा तोच, तरी पहिली दुसरीपेक्षा जलद जळते. पुढची अक्षरं न वाचता माप उचललं की घात होऊ शकतो.

तिसरी फसगत "मला तर काही झालं नाही" या वाक्याची. व्हिडिओतल्या माणसाची बंदूक नवी असेल, नळी जाड असेल, दारू दुसऱ्या लॉटची असेल. त्याची बंदूक फुटली नाही म्हणजे दाब मर्यादेत होता असं सिद्ध होत नाही. मर्यादेच्या वर गेलेला दाब रोज थोडं थोडं पोलाद थकवतो आणि बंदूक फुटते ती एखाद्या साध्या दिवशी. आणि ज्याची बोटं गेली तो सहसा व्हिडिओ टाकायला येत नाही. म्हणून मोबाईलवर यशाच्याच गोष्टी जास्त दिसतात.

चौथी फसगत नवी आहे. एआयवालं अ‍ॅप उत्तर इतक्या सफाईने देतं की ते तपासलेलंच वाटतं. पण त्याच्याकडे चाचणीची नळी नाही, दाब मोजायचं यंत्र नाही. दहा ठिकाणचं वाचलेलं ते एका वाक्यात गुंफतं. त्या दहांत एक चुकीचं असेल तर वाचणाऱ्याला ओळखायला मार्ग नाही.

चारही ठिकाणी दुखणं एकच. माप आहे, पण मापाला धनी नाही.

आपल्याकडे काय? आधी कायदा

आपल्याकडे पहिला अडथळा कायद्याचा आहे आणि तो पक्का आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्याही रुंद आहे. तयार काडतूस तर त्यात येतंच, पण त्याचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्रही येतं. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षाही वाढून २ ते ५ वर्षं झाली. "रिकाम्या पुंगळ्या होत्या, भरून बघितल्या" एवढं म्हणून सुटता येणार नाही.

मग परवानाधारकाने काडतूस आणायचं कुठून? परवानाधारक दुकानातून, परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकं, पावती घेऊन आणि नोंद करून. काडतुसी बंदुकीची 'शक्तिमान' काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यात बनतात. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसतात ती खडकीचीच. तो कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहे. आपल्याकडच्या काडतुसाचा धनी हा असा बुडावरच लिहिलेला असतो.

ठासणीच्या बंदुकीचं काय?

इथे एक खरा पेच आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. आणि ठासणीची बंदूक म्हटलं की दर बाराला दारू नळीतून ठासावीच लागते. म्हणजे कायदेशीर परवानाधारकालाही दारूचं माप माहीत असावंच लागतं. हे ज्ञान पूर्वी आजोबांकडून नातवाकडे यायचं. आता बंदूक वारशाने आली, परवाना नावावर झाला, पण दाखवणारा माणूस गेला. ही मोकळी जागा मोबाईल भरून काढतो.

म्हणून काही गोष्टी ठासून सांगायला हव्यात. ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे काळी दारू. काडतुसातली बिनधुराची दारू पूर्ण वेगळी चीज आहे. काडतूस फोडून निघालेली दारू ठासणीच्या नळीत घालणं म्हणजे नळी फोडायला घेणं. अमेरिकन पिस्तुलाच्या मापाच्या तक्त्यांचा ठासणीच्या बंदुकीशी काडीचा संबंध नाही. ते माप ना त्या दारूचं आहे, ना त्या नळीचं.

आणि बंदूक गावठी असेल तर कोणतंच माप सुरक्षित नाही. परवानाधारक कारखान्यातली बंदूक जास्त दाबाचा बार काढून तपासूनच बाहेर पडते. गावठी नळीचं पोलाद कुठलं, जोड कसा, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ती बेकायदा आहे हे तर आहेच, पण ती पहिल्यांदा जखमी करेल ती बहुधा मालकालाच.

शिकारीबद्दलही गैरसमज नको. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. रानडुक्करसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहे. मारायची वेळ आलीच तर वनविभागाची परवानगी आधी लागते.

मग करायचं काय

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. रात्रीत भाताचा मळा किंवा भुईमुगाचं वावर उलथून जातं. पंचनाम्याला वेळ लागतो, भरपाई तोकडी वाटते. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा होतात. अशा वेळी माणूस घरच्या घरी मार्ग शोधतो. पण घरच्या मार्गात डोळा किंवा पंजा गेला तर शेती कोण करणार, हा हिशोबही त्याच वहीत मांडायला हवा.

घरात परवान्याची बंदूक असेल तर एवढं पाळता येईल.

- काडतूस आणि दारू परवानाधारक दुकानातूनच, पावतीसह. बंदुकीवरचा बोअर आणि काडतुसावरचा बोअर जुळतोय का, हे दर वेळी बघायचं.
- ओलं, गंजलेलं, जुनं काडतूस फोडायचं नाही. दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करायचं.
- ठासणीच्या बंदुकीचं माप त्या बंदुकीच्या कंपनीच्या माहितीवरून किंवा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बंदूक दाखवून विचारायचं. फोनवर नाही, व्हिडिओवरून नाही.
- चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा-एक मिनिट थांबायचं. बार उशिरानेही उडतो.
- आवाज फुसका आला तर दुसरा बार काढायचा नाही. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते. नळी तपासल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.
- पिकाचं नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनविभागाकडे अर्ज द्यायचा. उशीर झाला की पंचनामा अवघड होतो.

प्रशासनालाही यात करण्यासारखं आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अट आणली. पण गावोगावच्या बहुतांश बंदुका त्याआधीच्या, वारशाने आलेल्या. निवडणुकीच्या आधी त्या पोलीस ठाण्यात येतातच. त्या परत देतानाच जाणकाराकडून नळ्या तपासल्या, परवानाधारकांना तासभर समजावलं आणि मराठीत छापलेलं एक पान हातात दिलं, तर मोबाईलकडे वळायची अर्धी गरज संपेल. त्या पानावर विचारायला फोन नंबर असेल, कार्यालयाचं नाव असेल. चुकलं तर जाब विचारता येईल.

अमेरिकेतल्या छंदवाल्यांकडून घेण्यासारखं आहे ते त्यांची शिस्त. त्यांचे आकडे नव्हेत. ते लोक तराजू, पुस्तक आणि लेबल समोर असल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नाहीत आणि ऐकीव माप कितीही जवळच्या मित्राने दिलं तरी छापील मापाशी ताडून बघतात. ज्या देशात हे काम कायदेशीर आहे, साहित्य दुकानात मिळतं आणि पुस्तकं घरात आहेत, तिथे एवढी काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे यातलं काहीच हाताशी नसताना फॉरवर्ड आलेल्या आकड्यावर हात ठेवणं किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.